केळ्यांची बरणी

"कोमट झालं का बघ," तो कॉटवरून म्हणाला. "बोट बुडव. चटका बसला तर यीस्ट मरेल."

बायकोने पातेल्यात बोट बुडवलं. "कोमट आहे."

"मग ओत."

काळी पडलेली केळी तिने सकाळीच कुस्करून बरणीत भरली होती. साखर, लिंबू, कोमट पाणी, वरून यीस्ट. झाकण लागलं, झाकणातली रबरी नळी पाण्याच्या ग्लासात बुडाली. नळीतून बुडबुडे येत राहिले की केळी आंबतायत असं समजायचं. मग गाळायचं, कुकरमध्ये तापवायचं आणि वाफ थंड करून थेंब थेंब ब्रँडी धरायची. कुकरवर बसणारी तांब्याची नळी त्याने स्वतः वाकवली होती. जन्मभर प्लंबिंग केलं, लोकांच्या गळत्या थांबवल्या आणि स्वतःच्या घरात मुद्दाम एक गळती ठेवली, असं तो पूर्वी हसत सांगायचा.

आता हसणं जमत नव्हतं. पोटात गाठ होती. इस्पितळाने घरी न्यायला सांगितलं, तेव्हा त्याने एकच गोष्ट मागितली. दरवर्षी करायचो तशी एक बाटली, परसातल्या केळीची. फार नको, घोटभर.

"तेवढा घशाखाली उतरला की मी सुटलो," तो म्हणायचा. "तोवर दम धरतो."

आणि खरंच दम धरून होता. कळ आली की उशी दातांत धरायचा. तपासायला येणारी डॉक्टर दर खेपेला चकित व्हायची. "कशाच्या जोरावर टिकलेत, कळत नाही," ती दाराशी हळूच म्हणाली. "घोटभर द्यायला माझी ना नाही. आता कसलं पथ्य!"

पण घोटभरही नशिबात दिसेना. पहिली बरणी छान फसफसली आणि मध्येच गप्प झाली. यीस्ट जुनं असेल, तो म्हणाला. दुसऱ्या बरणीच्या वेळीही माशी शिंकली. तेव्हा थंडीला बोल लावला. दोन्ही वेळा त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि तिने पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "पुन्हा लावू. केळी लागतील तेवढी आणते." ही तिसरी होती.

धाकट्या भावाला हे सगळं खूळ वाटायचं. त्याचं शिवणकामाचं दुकान होतं. दुकान उघडण्याआधी तो रोज यायचा, दादाला उचलून न्हाणीघरात न्यायचा, त्याची दाढी करायचा. "दादा, सोड हा नाद," तो म्हणायचा. "त्यात जीव अडकवून बसलायस म्हणून एवढे हाल." एकदा तर त्याने विकतची बाटली आणली. "वहिनी, हीच द्या घरची म्हणून. सुटू दे त्याला."

तिने बाटली त्याच्या पिशवीत परत कोंबली. "मरणाऱ्या माणसाला फसवायचं, भाऊजी?"

धाकटा वरमला.

तिसरी बरणी जोमात होती. कॉटवरही बुडबुड ऐकू यायची. त्याला तरतरी आली. कुकरची रिंग तपास, पहिली धार फेकून दे, ती विषारी असते, चुकूनही चाखू नकोस, असं त्याने बायकोला पुन्हा पुन्हा बजावलं.

"एवढा विश्वास नसेल तर तुम्हीच बसा समोर," ती म्हणाली.

"बसेन की! उचलून बसवा."

त्या सकाळी धाकट्याने दाढी उरकली आणि स्वतःच चहा टाकला. ती परसात कपडे वाळत घालत होती. ती आत आली तशी तो चहा देऊन दुकानाला गेला. थोड्याच वेळात बुडबुड थांबली.

कॉटवर पडलेल्या दादाला आधी वाटलं, आपले कान गेले. मग भिंत धरून, सरपटत, तो स्वयंपाकघरात पोचला. बरणीला गाल लावला आणि तसाच राहिला.

"गरम आहे," तो म्हणाला. "आंबताना एवढी गरम होत नाही. कुणीतरी उकळतं पाणी ओतलंय."

संध्याकाळी धाकट्याला बोलावणं गेलं.

"चहाचं आधण जास्त झालं होतं का रे?"

"म्हणजे?"

"माझा नाद सुटावा म्हणून केलंस ना?"

"दादा, मी बरणीला हातही लावला नाही. तुझी शपथ! वहिनी, तुम्ही तरी सांगा."

ती ओटा पुसत होती. "मी परसात होते," ती म्हणाली. "मी काय सांगणार?"

"उद्यापासून येऊ नकोस," तो भावाला म्हणाला.

धाकटा दारात घुटमळला. या भावाने त्याला लहानाचं मोठं केलं होतं. हाक येईल म्हणून तो जरा थांबला. हाक आली नाही. ओठ घट्ट मिटून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला न्हाणीघरापर्यंत न्यायला तिची ताकद पुरली नाही. दोघं वाटेतच खाली बसले. त्याचे कपडे ओले झाले. एवढी दुखणी सोसलेला माणूस, पण त्या लाजेने हमसून रडला.

"पुरे झालं," तो म्हणाला. "नको ती बाटली. जाऊ दे मला."

"असं बोलू नका. एकदाच अजून लावू. आता घरात कुणी येणार नाही. कोण नासवेल?"

त्याने बाहीने डोळे पुसले. मग म्हणाला, "पाणी कोमट घे."

चौथी बरणीही फसफसू लागली. तो पुन्हा त्या आवाजाकडे कान लावून पडू लागला. खाणं सुटलं होतं, बोलणं तुटक झालं होतं, पण बुडबुड ऐकली की डोळे उघडायचा. एका दुपारी कळ अशी आली की त्याला काहीच ऐकू येईना.

"येतायत का गं बुडबुडे?" त्याने कॉटवरून विचारलं. "मला कळत नाही. तू सांग."

"येतायत, चांगले जोरात येतायत," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "थोडे दिवस दम धरा. माझ्यासाठी."

आणि गॅसवरचं उकळतं पाणी तिने बरणीत ओतलं.