सहा वाजेपर्यंत

“निम्म्या भावात!” विहीणबाईंनी चपला काढायच्या आधीच मोबाइल पुढे केला. “गुरुवार, बारा तारीख. बघा तरी!”

ती शिलाई मशीनवर कुणाच्या तरी पडद्याची दुमड घालत बसली होती. तिचा पाय जागच्या जागी थांबला. गेले तीन आठवडे ती हेच तिकीट शोधत होती.

लेक सातासमुद्रापार, दिवस भरत आलेले. जावई बोटीवर इंजिनियर, एप्रिलपर्यंत त्यांची सुटका नाही. लेकीच्या उशाशी कुणीतरी हवंच होतं, आणि ते कुणीतरी आपण असावं एवढंच तिचं मागणं होतं. त्यासाठी तिनं काय काय केलं नव्हतं! कुणी म्हणालं, मंगळवारी दुपारी भाव उतरतात. म्हणून मंगळवारी दुपारी काम टाकून बसली. कुणी म्हणालं, एकाच फोनवरून सारखं शोधलं की भाव चढवतात. म्हणून शेजारणीच्या फोनवरून शोधलं. दोनदा विमान बदलायची, मध्ये अकरा तास बाकावर बसायची तयारी ठेवली. भाव मेला हलायला तयार नव्हता.

आणि या बाईंना बसल्या जागी, एका बोटानं मिळालं! तिची कानशिलं तापली. उशाशी सासू बसणार, बाळाला आधी सासू घेणार, आणि आई इथे लोकांच्या पँटी आखूड करत बसणार. असा जळफळाट तिला आयुष्यात झाला नव्हता.

“होतं नव्हतं ते सगळं घातलं बाई यात,” विहीणबाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. “पेन्शनीतली शिल्लक साफ झाली.”

निम्म्या भावाला होतं नव्हतं ते कशाला लागतं? नाटकं नुसती. तिनं चष्मा चढवला आणि फोन हातात घेतला. उसवलेला टाका तिच्या नजरेतून कधी सुटत नसे. आजही सुटला नाही.

बारा मार्च.

तिनं पुन्हा वाचलं. डॉक्टरांनी तारीख दिली होती वीस फेब्रुवारीची. यंदा फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा, म्हणजे दोन्ही महिन्यांत बारा तारखेला गुरुवारच. स्वस्त दिवस हिरव्या रंगात दाखवणाऱ्या त्या तक्त्यात विहीणबाई एक पान पुढे गेल्या होत्या. त्या पोचतील तेव्हा बाळ तीन आठवड्यांचं झालेलं असेल. त्याखाली लाल अक्षरं होती: तारीख बदलणे किंवा तिकीट रद्द करणे आज संध्याकाळी सहापर्यंत मोफत. त्यानंतर काहीही परत मिळणार नाही.

ती आणखी खाली बघणार, तोच विहीणबाईंनी फोन काढून घेतला. “पुरे आता. बाकीचं मागाहून.”

घड्याळात सव्वापाच झाले होते.

एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या जिभेवर आलंही होतं. पण मग वाटलं, कळू दे की यांचं यांनाच. तोंडघशी पडू देत एकदा. या अडकल्या की लेकीला आईशिवाय दुसरं कोण आहे? तोवर भावही उतरेल. उतरला नाही तर काय, हा विचार तिनं केलाच नाही. मत्सराला हिशेब कुठे येतो?

“चहा टाकते,” ती म्हणाली.

विहीणबाई चकित झाल्या. या घरात त्यांना एरवी पाण्यावर बोळवलं जाई. मागे त्यांनी नवा मोबाइल पाठवला, तर तोही ‘माझा चालतोय’ असं म्हणून परत आला होता. आज मात्र चहा झाला, बिस्किटं झाली, पुन्हा अर्धा कप झाला. आग्रह काही संपेना. विहीणबाईंचं लक्षही अधूनमधून घड्याळाकडे जात होतं. या आता उठतात की काय, या धास्तीनं तिनं पडद्याच्या कापडाचा विषय काढला आणि तो दहा मिनिटं ताणला.

“बाळाला आधी कोण घेणार, सांगा बरं?” विहीणबाईंनी मध्येच विचारलं.

“तुम्हीच की,” ती साखर पेरत म्हणाली.

“बघू, बघू!” विहीणबाई गालातल्या गालात हसल्या. तिला ते हसू मिरचीसारखं झोंबलं.

सहाला दहा मिनिटं कमी असताना विहीणबाईंचा आवाज उतरला. “पोर एकटी पडलीय हो तिकडे. काल फोनवर रडली. म्हणाली, आई हवी होती.”

तिच्या काळजात चर्र झालं. माझी पोर. कसला मान आणि कसली चढाओढ! “विहीणबाई, जरा ते तिकीट...” तिनं तोंड उघडलं.

“मी म्हटलं तिला, रडतेस कशाला? मी आहे ना!”

तिचं तोंड मिटलं.

“तिकिटाचं काय म्हणत होतात?”

“काही नाही. छान मिळालं, म्हटलं.”

तिनं रिकामे कप गोळा केले. सहा वाजले. ती आणखी एक मिनिट थांबली आणि मग कुठे तिनं सुटकेचा श्वास सोडला.

“वाजले एकदाचे!” विहीणबाईंनी टाळीच वाजवली. “आता काही केल्या रद्द होत नाही. सूनबाईकडून गुपचूप तुमच्या पासपोर्टचा फोटो मागवला आणि दोघींचं एकत्र काढलं, म्हणून तर हा भाव मिळाला. कधीपासून पोटात ठेवलंय! पण तुम्ही पडलात मानी. आधी सांगितलं असतं, तर सहाच्या आत मला तुमचं तिकीट रद्द करायला लावलं असतंत.”