पांढरं पॅड

"फक्त डावी बाजू घासाची हाय," गिऱ्हाईक म्हणालं. "कोणती मशीन घेऊ?"

काउंटरमागे सूर्यभानचा हात जागीच थांबला. अमरावतीत गाड्या चमकवायच्या सामानाचं दुकान टाकल्यापासून त्यानं नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती, पण असं नजर चुकवणारं नाही. माणूस तिशीतला, देवमन नाव सांगत होता आणि सारखा घाम पुसत होता. बाहेर त्याची लाल गाडी उभी होती आणि तिच्या डाव्या अंगावर चक्क चादर टाकलेली. आता भरदुपारी गाडीला कोण पांघरूण घालतं?

"कशानं घासली गाडी?" सूर्यभाननं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"घासली बाप्पा कशानं तरी. संध्याकाळच्या आत साफ झाली पायजे. कोणाले समजलं नाई पायजे."

सूर्यभाननं बाहेरच्या लाल गाडीकडे पुन्हा पाहिलं. आई गेल्यावर त्याला वाढवलं ते त्याच्या मोठ्या बहिणीनं, माणिकबाईनं. गेल्या महिन्यात अकोट-अंजनगाव रस्त्यावर ती फाट्यापाशी एसटीची वाट पाहत उभी होती बिचारी. कुणीतरी तिला उडवलं आणि मागे वळूनही न पाहता निघून गेलं. तिच्या पितळी डब्याला लाल रंग लागला होता, तेवढाच काय तो पुरावा. आणि लाल गाड्या काय, गल्लोगल्ली पडल्यात. सूर्यभानची स्वतःचीच लाल. तेरवीला सगळ्या गोतासमोर तो बोलून गेला होता, "ज्यानं हे केलं त्याले मी सोडणार नाई. मंग तो कोणीई असो!"

तो आतल्या खोलीत गेला आणि देवराव जमादारांना फोन लावला. देवराव त्याच्याच गल्लीत राहायचे, तपासाची खबर त्याला तेच आणून द्यायचे. "चहाले या लवकर. लाल गाडी हाय," एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला.

आता जमादार येईपर्यंत या माणसाला बोलण्यात गुंतवायचं होतं. सूर्यभाननं काउंटरवर यंत्रं मांडली.

"हे पाहा, हे रोटरी. एकाच जागी गरगर फिरते. नवशिक्यानं हातात धरली का रंग जाळून टाकते. तुमी ड्युअल अ‍ॅक्शन घ्या. हे फिरतेई अन् हलतेई, म्हणून एका जागी तापत नाई. यातली लहान कानाकोपऱ्याले बरी. मोठी सपाट पत्र्यावर भराभर काम करते." मग आत तोंड करून तो ओरडला, "विपुल, पांढरे पॅड आन बे!"

विपुल, त्याचा एकुलता एक पोरगा, यंत्राला लावायच्या स्पंजच्या गोल पॅडांचा डबा घेऊन आला. गिऱ्हाइकाची लाल गाडी पाहिली आणि डबा हातातून सुटला. सूर्यभाननंच खाली पडलेले पॅड गोळा केले. आत्या गेल्यापासून पोरगं असंच झालं होतं. जेवणात लक्ष नाही, झोपेचा पत्ता नाही. आत्याचा जीव की प्राण होता तो. त्या दिवशी तो गाडी घेऊन अकोल्याला गेलेला. येताना अकोटवरून वळून आला असता तर आत्याला गाडीतच बसवून आणलं असतं, ही हळहळ सूर्यभान रोज बोलून दाखवायचा आणि विपुल रोज ताटावरून उठायचा.

देवराव आले. साध्या कपड्यांत, चहाचा कप घेऊन बाहेर बाकावर बसले, जसे काही रिकामटेकडेच.

"चला, तुमच्या गाडीवरच करून दाखवतो," सूर्यभान देवमनला म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत पाहत मुद्दाम मोठ्यानं सांगू लागला. "कंपनीच्या रंगावर पारदर्शक थर राहते. त्याच्यावर पॅड फिरवा, पांढरंच्या पांढरं राहते. पन पॅडले रंग लागला, तं समजाचं, गाडीनं मार खाल्ला अन् कोण्या पेंटरनं सस्त्यात रंग मारून झाकून टाकलं."

देवमनचा चेहरा उतरला. सूर्यभाननं चादर ओढली. डाव्या दारांवर लांबच लांब ओरखडे होते. त्यानं लहान यंत्र चालू केलं, दोन्ही दारांवर फिरवलं आणि पॅड उलटं केलं.

पांढरं.

देवरावांनी उठून पत्र्यावरून तळहात फिरवला. "सरळ हाय. कुठं ठोकलेली नाई. काय भानगड हाय रे बाबू?"

देवमन रडकुंडीला आला. "सासऱ्याची गाडी हाय भाऊ! न विचारता सेमाडोहच्या जंगलात नेली अन् बोरीच्या काट्यात घातली. बुढा आज अकोल्यावरून येऊन राहिला. त्यानं पाहिलं तं बायको मले घरात घेत नाई!"

देवराव खो खो हसले. सूर्यभानलाही हसू आलं, पण आतून तो खचला. म्हणजे ताईला मारणारा अजून मोकळाच फिरत होता.

"मोठी मशीनई दाखवा ना," देवमनला आता धीर आला होता.

"या, माह्याच गाडीवर दाखवतो."

"बाबा, आपल्या गाडीवर नका करू," विपुल मध्येच बोलला.

"काहून?"

"धूळ हाय तिच्यावर."

"मंग पूस ना. उभा काय राहिला?"

विपुल जागचा हलला नाही. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. सूर्यभान वैतागला. आल्या गिऱ्हाइकासमोर हा काय तमाशा! त्यानंच फडकं घेऊन गाडीची डावी बाजू पुसली, मोठ्या यंत्राला नवं पांढरं पॅड लावलं आणि पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर टेकवलं. यंत्र घुमलं. त्यानं चांगलं दोनदा फिरवून घेतलं, बंद केलं आणि सवयीनं पॅड उलटं करून गिऱ्हाइकापुढे धरलं.

देवरावांनी चहाचा कप बाकावर ठेवला.

"भाऊ, हे तं लाल झालं," देवमन वाकून पाहत म्हणाला. "लाल झालं तं काय समजाचं म्हणे मंगाशी तुमी?"