रॉसची ढाल

"अंगठी घातलीये, टिकली लावलीये. आता हसूनही दाखवू का, मावशी?" राधिकाने स्वयंपाकघरात दबक्या आवाजात विचारलं.

"हसू नकोस. पण रडूही नकोस," शोभनामावशी म्हणाली. "तुझ्या सासऱ्यांच्या हार्टची कंडिशन माहितीये ना तुला? एवढा शॉक बसला तर गेलेच समज."

कॅलमला जाऊन दोन महिने झाले होते. ह्यूस्टनच्या हायवेवर ट्रकने त्याची गाडी चिरडली. मूलबाळ नव्हतं. मागे राहिली राधिका, आणि बायपासनंतर त्याने शुगर लँडला आपल्या घरी आणून ठेवलेले त्याचे स्कॉटिश वडील, ह्यू. मुलगा लांबच्या समुद्रात ऑइल रिगवर गेलाय, तिथून फोन लागत नाही, असं त्यांना सांगितलं होतं. धाकटा रॉस ॲन आर्बरहून आला, भावाला निरोप दिला आणि वडिलांना न भेटताच परत गेला. "त्यांना कळायला हवं," एवढंच तो म्हणत राहिला. पण मावशीपुढे कोणाची मात्रा चालणार? अमेरिकेत जन्मभर डॉक्टरकी केली, पेशंटला सगळं तोंडावर सांगितलं; घरच्या माणसाची वेळ आली की मावशी थेट सांगलीची.

राधिका चहा घेऊन बाहेर आली. ह्यू खिडकीपाशी रंगवत बसले होते. त्यांचं घराणं म्हणे मोठ्या सरदाराचं. गोतावळ्याच्या मेळाव्यासाठी ते एकेका शाखेची ढाल, म्हणजे घराण्याचं मानचिन्ह, कागदावर काढत होते. मूळ ढाल निळी, तिच्यावर पांढरा बगळा. शाखा निघाली की बगळा तोच, फक्त ढालीला काठ लागायचा. कोणाचा लाल, कोणाचा सोनेरी, कोणाचा नागमोडी. "म्हणजे साडी एकच, काठ वेगळे," असं राधिका एकदा म्हणाली होती, तेव्हा म्हातारा दिवसभर खूश होता. काठ धाकट्यांना. थोरल्याला काठ नाही. बाप जिवंत असेपर्यंत त्याच्या ढालीवर वरच्या बाजूला तीन दात असलेली पांढरी पट्टी, आणि बापामागे ती पुसून मूळ ढाल त्याची.

"ये, बघ. रॉसची झाली," ह्यू म्हणाले.

राधिकाने पाहिलं. निळी ढाल, पांढरा बगळा. काठ नव्हता. वर तीन दातांची पट्टी होती.

"डॅड, चुकलं तुमचं," ती हसून म्हणाली. "ही पट्टी कॅलमची. रॉसला काठ हवा."

ह्यूंनी ब्रश पाण्यात बुडवला. "नाही चुकलं. आता थोरला रॉसच आहे."

राधिकाच्या हातातला कप त्यांनी काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

"तुझा चेहरा रोज बघतोय मी, पोरी. पहिल्याच आठवड्यात कळलं. वाटलं, आज सांगशील, उद्या सांगशील. तुला जमत नव्हतं. मग मलाही विचारायला जमेना."

राधिका खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून मोकळेपणी रडली. मावशी दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ ह्यू सुनेच्या केसांवरून हात फिरवत होते. मग त्यांनी डोळे पुसले आणि खुर्चीखालचे बूट पुढे ओढले.

"चल. मला त्याच्याकडे घेऊन चल. कुठे पुरलंय त्याला?"

राधिकाने मावशीकडे पाहिलं. मावशीने मान खाली घातली. रॉसने भावाची मूठभर राख मागितली होती, तीसुद्धा या दोघींनी दिली नव्हती. कुठूनतरी म्हाताऱ्याच्या कानावर जाईल, घरात कलश राहिला तर नजरेला पडेल, म्हणून दोघींनी सगळीच्या सगळी राख गॅल्व्हेस्टनच्या समुद्रात सोडली होती. कुठे दगड नव्हता, कुठे नाव नव्हतं.

ह्यू वाकून नाड्या बांधत होते. घाई केवढी होती.

"राहू देत बूट, डॅड," राधिका म्हणाली. "जायला जागाच ठेवली नाही आम्ही."