फक्कीची रेघ

“रेघ कुठं गेली?” जयतीर्थ ओरडला.

खड्ड्यात पहार अजून तशीच रुतलेली होती. तिचं टोक जळून काळं पडलं होतं. ती मारणाऱ्या मजुराला, अय्याकण्णूला, ऑटोत घालून इस्पितळात नेलं होतं आणि त्याची एक चप्पल मातीच्या ढिगावर राहिली होती. साऱ्या राजवाडा भागाची वीज गेली होती. एरवी दोन मिनिटं दिवे गेले तर बोंब मारणारी माणसं आज खाली मान घालून उभी होती.

जयतीर्थ वीज मंडळात कनिष्ठ अभियंता होता. हल्ली ज्याला त्याला घरी फोन हवा झाला होता आणि रोज नवा ठेकेदार रस्ता उकरायला हजर होत होता. या गल्लीतून टेलिफोनची केबल न्यायची होती. पण गल्लीच्या पोटात आधीपासून अकरा हजार व्होल्टची जुनी केबल होती, आणि असली केबल खणणाऱ्याला दिसते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून काल संध्याकाळी जयतीर्थने जागोजागी चाचणीचे खड्डे घेतले, केबल कुठून जाते ते डोळ्यांनी पाहिलं आणि तिच्या डोक्यावर फक्कीची पांढरी रेघ मारली. ठेकेदाराच्या माणसांना दम भरला, “रेघेच्या आत, घरांच्या बाजूनं खणायचं. रेघेला पहार लागता कामा नये.”

दुसरा कुणी असता तर एवढं करून घरी गेला असता. पण जयतीर्थ याच गल्लीत वाढलेला. हा मार्गळीचा महिना, म्हणजे पहाटे घरोघरी रस्ता धुवायचा आणि त्यावर अंगणभर रांगोळ्या घालायच्या. त्यात फक्कीची रेघ कसली टिकते? तेव्हा तो दारोदार फिरला. “उद्या रस्त्यावर पाणी टाकू नका, रांगोळी उंबऱ्यापुरतीच काढा.” शेजारच्या वेंकटरावांनी चेष्टा केली, “मत मागायला आलास की काय रे?” पलीकडच्या सरस्वतीबाई फुगून बसल्या. मार्गळीत दार सुनं ठेवायचं म्हणजे काय! पण डोळ्यांसमोर वाढलेला पोरगा कळकळीने सांगत होता, म्हणून शेवटी सगळ्यांनी ऐकलं. आपलं काम चोख झालं, या समाधानात तो रात्री गाढ झोपला, आणि समोर खणायचं होतं म्हणून सकाळी उठून मागच्या दारानेच बाहेर पडला.

आता तो वेडापिसा होऊन रेघ शोधत होता. वेंकटरावांच्या दारात रेघ शाबूत होती. सरस्वतीबाईंच्याही दारात होती. मधल्या घरापाशी मात्र नव्हती, आणि मधलं घर त्याचं स्वतःचं होतं. तिथं गल्ली वळते. गल्लीबरोबर केबलही वळून आत येते. दोन्हीकडच्या रेघा सरळ जोडून तिथं भागत नव्हतं, म्हणून नेमकी तिथलीच रेघ मोलाची होती. तिथं आता माणसांच्या पायांनी नुसता चिखल झाला होता.

त्याने अय्याकण्णूच्या जोडीदाराची, कलियनची, गचांडी धरली. “तुम्हीच पुसलीत! आणि आतून खणायचं सोडून एवढं बाहेर का आलात?”

कलियनने चिखलाकडे बोट दाखवलं. “आम्ही आलो तेव्हा रेघ नव्हतीच, सार. कोलम होतं, अम्मांची रांगोळी. केवढं मोठं! मधोमध शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं फूल. अय्याकण्णू म्हणाला, मार्गळीत अम्मांच्या कोलमवर पहार घालायची नाही, पाप लागेल. कोलम जिथं संपलं तिथून त्याने खणायला घेतलं.”

जयतीर्थचा हात सुटला. चिखलात त्याच्या पायाशी शेणाचा एक चेपलेला गोळा होता आणि त्याला पिवळी पाकळी चिकटली होती. भामा, त्याची बायको, बाळंतपणाला तिरुवैयारुला माहेरी गेली होती. तेव्हापासून आपल्या दारात रांगोळी निघत असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. आईचे गुडघे धरलेले. ती कशाला वाकतेय, असं तो धरून चालला होता. रोज तो त्या रांगोळीच्या कडेने स्कूटर काढत होता आणि एकदाही त्याने खाली पाहिलं नव्हतं.

वेंकटराव आपल्या घरातून बाहेर आले. त्यांच्याकडे इस्पितळातून फोन आला होता.

“गेला,” ते एवढंच म्हणाले.

कलियनने ढिगावरची चप्पल उचलून घेतली. जयतीर्थने दाराकडे पाहिलं. त्याची आई, चंद्रमती, चौकटीला धरून उभी होती. तिच्या हातात कॉफीचा पेला होता.

“आई, रेघ तू पुसलीस?” तो घरच्या बोलीत ओरडला. “अस्क्यांला, घरोघर जाऊन सांगट्लों होतों मी! अस्क्या गल्लीला!”

“दारापुढं नुसती एक पांढरी रेघ. मला बरी नाही दिसली. धुवून टाकलें,” चंद्रमती म्हणाली. तिला अजून पुरतं कळलं नव्हतं, किंवा कळत चाललं होतं. “त्या पोरानं माझी रांगोळी मोडली नाही. म्हणून त्याला कॉफी करून आणलें मी.”

कॉफीवर साय धरली होती. तिने पेला हळूच उंबऱ्यावर ठेवला.

“अस्क्यांच्या घरीं जाऊन सांगट्लास रे, बाळा,” ती म्हणाली. “आपल्या घरीं कधी सांगट्लास?”