उजवीकडची मोजपट्टी

रेघ काही केल्या उठेना.

प्रियदर्शनीने तिसऱ्यांदा चार्ट पुसला. गावात टँकरने टाकलेलं पाणी निळ्या खांबांनी दाखवायचं होतं आणि आजारी माणसं लाल रेघेने. खांब लाख लाख लिटरचे. आजारी सात, अकरा, एकवीस. लाखाच्या शेजारी एकवीसला कोण विचारतो? रेघ आपली तळाला आडवी पडून होती.

गाव माण तालुक्यातलं, तिचं स्वतःचं. तिची आई जाईबाई तिथे एकटी राहायची आणि हेच पाणी प्यायची. टँकर ज्या विहिरीवर भरतो ती विहीरच खराब आहे, असा प्रियदर्शनीला दाट संशय होता. पण टँकर पाठवणाऱ्या विश्रामबागच्या या संस्थेत दोन वर्षं हंगामी असलेल्या कॉम्प्युटरवरच्या बाईचा संशय ऐकायला कुणाला वेळ नव्हता. साहेबांना चित्र लागायचं.

दुपारी एकदाची युक्ती सापडली. रेघेवर दोनदा क्लिक करायचं आणि तिला उजवीकडे तिची स्वतःची मोजपट्टी द्यायची. रेघ उठली आणि खांबांच्या सोबतीने वर चढत गेली. पाणी वाढलं तसे आजारी वाढले होते. प्रियदर्शनीला आनंद झाला, आणि आनंद झाल्याची लाजही वाटली.

संस्थेचे संचालक हंबीरराव यांनी कागद हात लांब करून पाहिला.

"म्हणजे टँकर वाढला की आजार वाढतो."

"विहीर बदलायला पाहिजे, साहेब."

"विहीर यात कुठं आहे?"

विहीर चार्टमध्ये खरोखरच नव्हती.

"टँकर बंद करू. गावात हापसा असेल की."

"आहे, पण उन्हाळ्यात पाणी कमी येतं."

"महिनाभर बघू. तुमचा चार्टच सांगेल."

त्या आठवड्यात तिला अन्न गोड लागलं नाही. आपणच दाखवलेल्या चित्राने आपल्याच आईचं पाणी तोडलं, हे तिला सारखं खात होतं.

गावात फोन लागत नसे. आजाऱ्यांचा आकडा गावातले सोपानतात्या चिठ्ठीवर लिहून पाठवत. सोमवारी चिठ्ठी तिच्या टेबलावर असायची. ती तिथवर कशी येते, हे तिने कधी विचारलं नव्हतं. आजारी कुणी नसलं की तात्या चिठ्ठी पाठवत नसत आणि त्या आठवड्यापुढे ती शून्य टाकायची. हिवाळ्यात असे कितीतरी आठवडे गेले होते.

टँकर बंद झाल्यावरच्या पहिल्या सोमवारी चिठ्ठी नव्हती. तिने शिपायाला दोनदा विचारलं आणि मग शून्य टाकलं. दुसऱ्या सोमवारीही नव्हती. तिसऱ्या आणि चौथ्या सोमवारीही नाही. निळे खांब संपले होते आणि लाल रेघ सरळ खाली येऊन टेकली होती.

तिला हायसं वाटलं. साहेबांना आपण मनात उगाच नावं ठेवली, असंही वाटून गेलं. शनिवारी आईला बघायला जायचं ठरवलं होतं. आई बरी आहे म्हटल्यावर तेही तिने पुढे ढकललं. हंबीररावांनी चार्ट रंगीत छापून मुंबईला पाठवला आणि प्रियदर्शनीला नोकरीत कायम केलं.

गुरुवारी दुपारी ती ऑफिसात पेढे वाटत होती, तेव्हा सोपानतात्या दारात उभे दिसले. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेलं.

"जय भीम, तात्या. एवढ्या उन्हाचे आलात? घ्या, मी कायम झाले."

तात्यांनी पेढा घेतला आणि हातातच धरून ठेवला.

"गाव बरं आहे ना आता? चार आठवडे तुमची चिठ्ठी नाही, तेव्हाच म्हटलं मी."

"चिठ्ठी कुणासंगं धाडू, पोरी? टँकरच्या डायवरापाशी देत हुतो. टँकरच बंद केला की तुमी."

प्रियदर्शनी खुर्चीवर बसली.

"मग पाणी?"

"हापसा कवाच आटला. टँकर भरायचा त्याच हिरीवर जातोय समदी, पायी."

त्यांनी कोपरीच्या खिशातून चार चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या. तात्या चिठ्ठ्या द्यायला कधी इतक्या लांब आले नव्हते. शून्यं पुसून ती आकडे घालू लागली. बत्तीस. एक्केचाळीस. सत्तावन्न. त्रेसष्ट. खांब नसलेल्या मोकळ्या जागेत लाल रेघ एकटीच वर चढत गेली.

"शेवटच्यातला एक कमी कर," सोपानतात्या म्हणाले. "आज पहाटंची गोष्ट हाय. चल पोरी, माती तुज्यासाठी थांबिवलीया."