मुकादमाची बाई

भय्याजींचा पाय उंबरठ्यापाशी आला आणि अडला. कंपवाताने वर्षभर हाच छळ मांडला होता. सपाट जागेवर म्हातारा चालायचा, उंबरठा दिसला की पाय जमिनीला चिकटायचे. नातीचं, प्रेरणाचं लग्न अकराला होतं, जुनवानीच्या हॉलमध्ये. हुडको वसाहतीतल्या या घरात पावणेअकरा वाजले होते आणि बाहेर ऑटोवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता.

"वन-टू, वन-टू," मुलगा सुगत मोजत होता, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे. पाय जागच्या जागी थरथरले. "बाबा, आता टाइम नाही. खुर्चीवर बसा, आम्ही चौघं उचलून नेतो."

"चौघांनी उचलाले मी मेलो का? पोरीले सांगतलं हाय मी, पायानं येईन म्हनून." म्हाताऱ्याला रडू फुटलं.

फोन वाजला. प्रेरणाच होती. आजोबा आल्याशिवाय हार घालणार नाही म्हणाली.

भय्याजींची बायको शेवंताबाई पुढे झाल्या. नवरा रेल्वेत रूळ उचलणाऱ्या गँगचा मुकादम होता. ती गँग काय म्हणत जोर लावते, ते त्यांनी एकदाच ऐकलं होतं, डबा द्यायला गेल्या तेव्हा. त्या दिवसापासून डबा बंद. चाळीस वर्षं घरात तो विषय काढायची कुणाची टाप नव्हती.

त्या उंबरठ्यापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर घेतला आणि नवऱ्याची काठी फरशीवर आपटली.

"मुकद्दम की बाई!"

भय्याजी बघतच राहिले.

"पटरी से भारी!"

"हैय्या," त्यांच्या तोंडून आपसूक निघालं. उजवा पाय उचलला.

"चार झन लागे!"

"हैय्या!" डावा पाय.

"तब हले बेचारी!"

म्हातारा अंगणात होता. सून सुजाता तोंडाला पदर लावून हसत होती. सुगतला हसावं की नाही, कळेना.

ऑटोत बसल्यावर भय्याजी मान खाली घालून म्हणाले, "तुले अजून याद हाय?"

"याद कावून नाही राहीन? अन् थे गानं जोडलं कोनं, थे बी मालूम हाय मले."

भय्याजी ऑटोबाहेर बघू लागले.

हॉलला तीन पायऱ्या होत्या. पहिलीपाशीच पाय अडला. आत दीड-दोनशे माणसं वळून बघत होती, व्याही, विहीणबाई, पांढऱ्या साडीतली प्रेरणा.

शेवंताबाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग नवऱ्याच्या हातातली काठी मागून घेतली.