दोन बोटांची जागा

आजारपणात बायको बोझेना खंगली, तेव्हा झेनोनने तिच्या अंगाभोवती चिकटपट्ट्या गुंडाळल्या, कापून काढल्या आणि आत वर्तमानपत्रं कोंबून तिच्या मापाचा पुतळा केला. त्यावर तो तिच्यासाठी अंतराळसैनिकाचं फोमचं चिलखत बेतत होता.

"दोन बोटं सैल ठेव," ती म्हणाली होती. "मी काय अशीच राहणार नाही."

मार्चमध्ये ती गेली. तो थांबला नाही. पोझनानच्या शनिवारच्या वेशभूषा मेळाव्यात चिलखत पुतळ्यासकट उभं करायचंच होतं.

मंगळवारी रुपेरी रंगाचा शेवटचा हात देताना त्याला दिसलं, की चिलखत आणि पुतळा यांच्यामध्ये आता एकच बोट जातंय.

"तुमची बोटं सुजली असतील, दाजी," मेहुणी वांदा म्हणाली. "केक कमी खा."

शुक्रवारी सकाळी तेही जाईना. वांदाने चिलखत उतरवून पुतळ्याच्या कमरेला मापाचा टेप लावला आणि आकडा दोनदा वाचला.

"हे तिच्या लग्नाच्या झग्याचं माप आहे," ती हळूच म्हणाली. तो झगा वांदानेच शिवला होता.

झेनोनने चिलखताचा कमरपट्टा दोन बोटं सैल केला. मग दाभण उचलून त्याने पट्ट्याच्या टोकाकडे आणखी तीन भोकं पाडली.